उभा ट्रक आणि ॲडॅप्टिव्ह क्रूझ : वाचकांच्या शंका

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 पासून सगळा 701 किलोमीटरचा रस्ता वाहता झाला. संग्रामपूरकरांना तो मेहकरला गाठता येतो. शेगाव, खामगाव करत तिथे एकदा वर चढले की ना सिग्नल, ना चौक, ना समोरून येणारी एसटी. पूर्वी संग्रामपूर तालुक्यातून येणाऱ्या पत्रांत ॲव्हरेज, टायर आणि गॅस किटच्या शंका असत. आता बहुतेक पत्रे ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलबद्दल असतात. त्यातली काही इथे एकत्र घेतली आहेत. दुसऱ्या पत्राचे उत्तर लांबले आहे. ते पूर्ण वाचावे, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे.

शंका : आमच्या जुन्या गाडीतही क्रूझ कंट्रोल होतं. नव्या गाडीतलं 'ॲडॅप्टिव्ह' आहे म्हणतात. शोरूमवाल्यानं सांगितलं, बटण दाबा आणि पाय काढून निवांत बसा. नेमका फरक काय? — एक शिक्षक, संग्रामपूर

समाधान : जुन्या क्रूझला फक्त तुमच्या गाडीचा वेग कळतो. 90 लावला की चढ असो, उतार असो, तो 90 राखायचा प्रयत्न करतो. समोर ट्रक आला तरी त्याला त्याचा पत्ता नसतो, ब्रेक तुम्हालाच मारावा लागतो. ॲडॅप्टिव्ह क्रूझला वेगाच्या जोडीने समोरच्या गाडीचे अंतर कळते. रस्ता मोकळा असला तर तो तुम्ही लावलेल्या वेगाने जातो. समोर हळू जाणारी गाडी आली की ॲक्सिलरेटर सोडतो, गरज पडल्यास ब्रेक लावतो आणि तिच्या मागे ठरलेले अंतर ठेवून चालतो. ती बाजूला झाली की पुन्हा वेग घेतो.

अंतर मोजायचे काम बहुतेक गाड्यांत रडार करते. ते पुढच्या जाळीच्या किंवा बंपरच्या मागे बसवलेले असते आणि 76 ते 77 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडते. या लहरींची लांबी जेमतेम चार मिलिमीटर. दीडशे मीटरवरच्या गाडीवर आपटून परत यायला लहरीला एका सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. तेवढ्यावरून अंतर निघते. वेगाचा हिशेब मात्र वेगळ्या खुणेवरून होतो. शेगाव स्टेशनवर न थांबणारी गाडी शिट्टी देत जाते तेव्हा येताना आवाज चढा लागतो आणि पुढे गेल्यावर एकदम उतरतो. रडारच्या लहरीचेही तसेच होते. तुम्ही 120 ने जाताय आणि पुढचा ट्रक 80 ने, म्हणजे तुम्ही त्याच्याकडे ताशी 40 किलोमीटरने सरकताय. अशा वेळी परत आलेल्या लहरीची वारंवारता सुमारे 5,700 हर्ट्झने चढते. 77 अब्ज हर्ट्झमधला हा एवढासा फरक रडार अचूक पकडते. म्हणून अंतर आणि वेग या दोन बाबतींत रडार माणसाच्या डोळ्यापेक्षा सरस आहे.

पण समोर दिसणारी गाडी आपल्याच लेनमध्ये आहे की शेजारच्या, हे रडारला नीट सांगता येत नाही. ते काम आरशामागे, काचेला आतून लावलेला कॅमेरा करतो. तो लेनचे पट्टे पाहतो आणि समोरचे वाहन कार आहे की ट्रक की मोटारसायकल ते ओळखतो. स्टिअरिंग किती वळले आहे याचीही माहिती यंत्रणा घेते आणि गाडी पुढे कुठून जाणार याचा अंदाज बांधते. वळणावर हा अंदाज चुकू शकतो. मग शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच पुढे आहे असे समजून गाडी विनाकारण ब्रेक लावते, किंवा खरी पुढची गाडी नजरेतून सुटते.

शोरूममधल्या माणसाचे 'पाय काढून बसा' हे शब्द मात्र विसरून जा. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायला हरकत नाही, तो ब्रेकच्या जवळच राहिला पाहिजे.

शंका : समृद्धीवर क्रूझ 110 वर लावलं होतं. पुढं एक कार 90 नं चालली होती, तिच्यामागं आमची गाडी शिस्तीत होती. एकाएकी ती कार उजवीकडं निघून गेली आणि समोर बंद पडलेला ट्रक! आमच्या गाडीनं ब्रेक मारायचं सोडून उलट पळ काढला. मीच जोरात ब्रेक दाबला म्हणून वाचलो. गाडीत बिघाड आहे का? — कापूस व्यापारी, वरवट बकाल

समाधान : तुम्ही आणि गाडीतले सगळे सुखरूप आहात, हे वाचून जीव भांड्यात पडला. सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवून घ्या, पण तुम्ही लिहिलेले वागणे बिघाडाचे असेलच असे नाही. बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात हा प्रसंग इशारा म्हणून छापलेला असतो. ते पान कुणी वाचत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

रडारसमोर फक्त गाड्या येत नाहीत. कडेचा लोखंडी कठडा, दिशाफलक, दिव्यांचे खांब, डोक्यावरून जाणारे पूल, सगळ्यांवरून लहरी परत येतात. या सगळ्यांत एक साम्य आहे. तुमची गाडी 110 ने जात असेल तर त्या प्रत्येकाकडे तुम्ही बरोबर 110 ने सरकत असता. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने त्यांचा वेग शून्य. यंत्रणा अशा प्रत्येक 'शून्य'ला घाबरू लागली तर गाडी दर पुलाखाली ब्रेक मारेल, आणि मागचा ट्रक तुमच्यावर चढेल. ते टाळण्यासाठी अभियंत्यांनी ॲडॅप्टिव्ह क्रूझला असे घडवले, की सुरुवातीपासून उभ्या असलेल्या वस्तूंकडे त्याने कमी लक्ष द्यावे किंवा अजिबात देऊ नये. आधी चालताना दिसलेली आणि नंतर थांबलेली गाडी तो ओळखतो, कारण ती त्याच्या यादीत असते. आधीपासून उभा असलेला ट्रक त्या यादीत कधी आलेलाच नसतो. शिवाय साध्या रडारला उंचीचा अंदाज फार कच्चा असतो, त्यामुळे दूरवर उभा असलेला ट्रक आणि त्याच्या वरचा पूल यांत त्याला फारसा फरक दिसत नाही.

आता तुमचा प्रसंग पाहा. पुढची कार बाजूला झाली त्या क्षणी यंत्रणेच्या दृष्टीने रस्ता मोकळा झाला. तिला 110 गाठायचा हुकूम होता, तो तिने पाळला.

हिशेब मांडून पाहू. ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर. समजा ट्रक 100 मीटरवर दिसला. सावध चालकाचा पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद लागला तर तेवढ्यात 37 मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगला जोरदार ब्रेक लागला तर गाडी थांबायला आणखी सुमारे 45 मीटर. बेरीज 82. अठरा मीटर उरले, तुम्ही वाचलात. पण 'गाडी स्वतःच थांबेल' असे समजून एकच सेकंद जास्त गेला असता तर आणखी 25 मीटर गेले असते. म्हणजे 107. ट्रक 100 वर होता.

'इमर्जन्सी ब्रेक आहे ना गाडीत?' असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. तो आहे, आणि तो वेगळा आहे. ॲडॅप्टिव्ह क्रूझ सोयीसाठी आहे. त्याचा ब्रेक मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणकात मोठ्या वेगाला त्याची मर्यादा साधारण साडेतीन मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी आहे, म्हणजे कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक जितका लागतो त्याच्या निम्मीच. आपत्कालीन ब्रेकची यंत्रणा धडक टळणार नाही असे दिसल्यावर शेवटच्या क्षणी पूर्ण जोर लावते. उभे वाहन ओळखायला ती कॅमेऱ्याची जास्त मदत घेते, म्हणून कित्येकदा वाचवते. पण महामार्गाच्या वेगाला ती गाडी पूर्ण थांबवेलच असे नाही, पुष्कळ वेळा ती धडकेचा जोर कमी करते. आणि रात्री मागचे दिवे नसलेली, कापूस चारही बाजूंनी बाहेर आलेली ट्रॉली कॅमेरा 'वाहन' म्हणून ओळखेल याची खात्री देता येत नाही.

तेव्हा एक सवय लावून घ्या. पुढचे वाहन लेन बदलताना दिसले की ते का बदलते आहे याचा विचार करा आणि पाय ब्रेकवर ठेवा. कुणीही उगाच लेन सोडत नाही.

शंका : अंतराच्या तीन-चार काड्या असतात. मी सर्वात कमी ठेवतो, नाहीतर मध्ये कोणीतरी घुसतो. बरोबर आहे ना? — शेतकरी, सोनाळा

समाधान : नाही. त्या काड्या मीटर दाखवत नाहीत, सेकंद दाखवतात. सर्वात कमी काडी म्हणजे बहुतेक गाड्यांत एका सेकंदाच्या आसपास. 120 ला एक सेकंद म्हणजे 33 मीटर, दोन सेकंद म्हणजे 67 मीटर. दीड सेकंद तर तुमचा पाय पोचायलाच लागतो. मध्ये एखादी गाडी घुसली तर घुसू द्या. क्रूझ अंतर पुन्हा वाढवेल, तुमचा वेळ जाईल तो काही सेकंदांचा. मोठ्या रस्त्यावर किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवा. तपासणे सोपे आहे : पुढची गाडी एखाद्या फलकाला पोचली की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. तुम्ही त्याआधीच फलकाशी आलात तर अंतर कमी आहे.

शंका : एका कंपनीच्या गाडीत रडार आणि कॅमेरा दोन्ही, दुसरीत नुसता कॅमेरा. दोन्हीवाले 'लेव्हल टू' म्हणतात. आपल्याकडच्या धुळीत-पावसात कोणतं बरं? — शेगाव

समाधान : आपल्याकडे मध्यम किमतीच्या गाड्यांत ही सोय 2021 पासून दिसू लागली. महिंद्राची एक्सयूव्ही 700 आणि एमजीची ॲस्टर त्याच वर्षी आल्या. एक्सयूव्ही 700 मध्ये रडार आणि कॅमेरा दोन्ही आहेत, तर होंडा सिटीची यंत्रणा समोरच्या एका रुंद नजरेच्या कॅमेऱ्यावर चालते. दोन्ही मार्ग योग्यच आहेत. कॅमेरा आकार आणि पट्टे चांगले ओळखतो, पण त्याला अंतर चित्रावरून काढावे लागते. समोरून सूर्य आला, धुके पडले, काच मळली की तो आंधळा होतो. रडारला अंधार आणि धुके फारसे अडवत नाहीत, चिखलाचा जाड थर मात्र अडवतो.

सकाळी नागपूरकडे आणि संध्याकाळी मुंबईकडे जाताना समृद्धीवर सूर्य बराच वेळ थेट डोळ्यांसमोर असतो. हिवाळ्यात पूर्णेच्या खोऱ्यात पहाटे धुकेही असते. एवढा विचार करता माझे मत रडार आणि कॅमेरा दोन्ही असलेल्या गाडीकडे झुकते. पण त्याहून महत्त्वाचा फरक गिअरचा. ऑटोमॅटिक गाडीत 'स्टॉप अँड गो' असेल तर पुढची गाडी थांबल्यावर आपलीही पूर्ण थांबते आणि थोड्या वेळात पुन्हा निघते. मॅन्युअल गाडीत यंत्रणेला क्लच दाबता येत नाही, म्हणून ठरावीक वेगाखाली ती आवाज देऊन काम सोडून देते. गाडी चालवून पाहताना हे विक्रेत्याकडून दाखवून घ्या : कोणत्या वेगाखाली सुटते, सुटताना काय आवाज येतो, डॅशबोर्डवर काय दिसते.

'लेव्हल टू'चा अर्थ एवढाच, की गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्हींत एकाच वेळी मदत करते. नुसता ॲडॅप्टिव्ह क्रूझ म्हणजे लेव्हल वन. दोन्हींत रस्त्यावर नजर ठेवायची जबाबदारी चालकाचीच, आणि अपघात झाल्यावर पोलिसांपुढे उत्तरही चालकालाच द्यावे लागते.

शंका : संग्रामपूर ते शेगाव रोज जाणं-येणं आहे. या रस्त्यावर लावू का? — बँक कर्मचारी

समाधान : लावू नका. या रस्त्यावर बैलगाडी आहे, समोरून येणारी वाहने आहेत, शेतातून एकदम वर चढणारा ट्रॅक्टर आहे. गजानन महाराजांच्या दर्शनाला पायी निघालेले लोक पहाटे अंधारात कडेने चालत असतात, आणि प्रकटदिनाला, रामनवमीला तर रस्ता त्यांचाच असतो. पायी माणसासाठी ॲडॅप्टिव्ह क्रूझ बनलेलाच नाही. लेनच्या कडेने चालणारी मोटारसायकलही त्याच्या नजरेतून सुटू शकते. मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जाणारा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी आहे, तरी त्यावर दुचाक्या आणि दुभाजकातून वळणारी वाहने आहेत. तिथे दिवसा, रहदारी तुरळक असताना आणि गावाबाहेरच वापरावा.

शंका : पुढून मार बसू नये म्हणून स्टीलचा गार्ड बसवायचा आहे. तसंच खडी लागून काच तडकली, ती गावातच बदलली तर चालेल ना? — टुनकी

समाधान : गार्ड बसवू नका. तो रडारच्या पुढे येतो, लहरी अडवतो किंवा वेड्यावाकड्या परतवतो. तसाही तो नियमाला धरून नाही, आणि धडक बसताना एअरबॅगच्या संवेदकांचा हिशेबही बिघडवतो. बंपरवर रडारच्या जागी स्टिकर, नंबरप्लेट, जाड रंगाचा थर, जत्रेतली झालर यातले काही नको.

काचेचे त्याहून नाजूक आहे. कॅमेरा काचेमागे ठरलेल्या कोनात बसवलेला असतो. काच बदलली, बंपर काढून लावला, पुढून ठोकर लागली किंवा सस्पेन्शनचे मोठे काम झाले, की कॅमेरा आणि रडार पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. एका अंशाच्या फरकाने शंभर मीटरवर नजर पावणेदोन मीटर बाजूला सरकते. म्हणजे शेजारच्या लेनची गाडी आपली वाटू लागते. या जुळवणीला विशेष फलक आणि संगणक लागतो. आपल्या भागातले मिस्त्री हुशार आहेत, पण ही सामग्री त्यांच्याकडे नसते. अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अधिकृत केंद्रात फोन करून, जुळवणीची सोय आहे का हे विचारून मगच जा, आणि काम झाल्याची नोंद बिलावर लिहून घ्या. विम्याच्या दाव्यात हा खर्च धरला जातो का, तेही आधीच विचारा.

पावसाळ्यात एक काम घरचेच आहे. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती डांबरावर पसरते आणि गाडीच्या पुढच्या भागावर उडून वाळते. निघताना ओल्या फडक्याने जाळीतली रडारवरची चौकोनी काळी पाटी आणि आरशामागची काच पुसा. आणि जोराच्या पावसात क्रूझ बंदच ठेवा. रस्ता निसरडा झाला आहे, थांबायला दुप्पट जागा लागणार आहे, हे रडारला कळत नाही. ते कोरड्या रस्त्याचेच अंतर ठेवत राहते.

शंका : क्रूझ लावल्यावर मला झोप येते. माझे वडील म्हणतात, मग लावूच नको. — तरुण वाचक, सध्या पुणे, मूळ गाव पातुर्डा

समाधान : वडिलांचे ऐका. पायाला काम नसले, रस्ता सरळ असला, दोन्ही बाजूंना तेच तेच दिसत राहिले की मेंदू सुस्तावतो. ॲडॅप्टिव्ह क्रूझने हाताचा-पायाचा थकवा कमी होतो हे खरे आहे, पण सुस्ती वाढते हेही तितकेच खरे आहे. पुण्याहून रात्री ऑफिस सुटल्यावर निघून पहाटे गाव गाठायचा बेत करू नका. दर दोन तासांनी गाडी खाली उतरवून थांबा. डोळे जड झाले तर क्रूझ बंद करून पुढच्या विश्रांतीच्या जागी झोपा. स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून 'हात ठेवा' हा इशारा फसवणारे व्हिडिओ फिरत आहेत. तो इशारा चालक जागा आहे का हे विचारण्यासाठी आहे. त्याला फसवणे म्हणजे आपल्या मागे बसलेल्या आईला, मुलांना फसवणे.

शंका : हे क्रूझ कंट्रोल पहिल्यांदा कोणी शोधलं? — इयत्ता दहावी, सोनाळा

समाधान : राल्फ टीटर या अमेरिकी अभियंत्याने. पाचव्या वर्षी अपघातात त्याची दृष्टी गेली होती. शेजारी बसून प्रवास करताना चालक बोलता बोलता गाडीचा वेग कमी-जास्त करतो, हे त्याला जाणवत राहिले आणि त्यातून त्याने वेग स्थिर ठेवणारे यंत्र बनवले. पेटंट 1950 चे, आणि ते गाडीत आले 1958 मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. पुढच्या गाडीचे अंतर पाहून वेग बदलणारे यंत्र 1995 मध्ये जपानच्या मित्सुबिशीने आणले. ते लेझरवर चालत असे आणि त्याला ब्रेक लावता येत नव्हता. रडार आणि ब्रेक दोन्ही असलेले यंत्र 1999 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले. तुझा प्रश्न छान आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पुढे डॉप्लर परिणाम येईल तेव्हा वरचे पहिले उत्तर पुन्हा वाच.

शंका : आमच्याकडं पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. आमचा या सगळ्याशी काय संबंध? — संत्रा बागायतदार, संग्रामपूर तालुका

समाधान : सर्वात जास्त संबंध तुमचाच आहे. समृद्धीवर मालवाहू वाहनाला 80 ची मर्यादा आहे आणि कारला 120 ची. तुमच्या मागून 120 ने येणारी प्रत्येक कार तुमच्याकडे 40 ने सरकते आहे, आणि त्यातल्या कित्येक गाड्यांचे चालक आता यंत्रावर विसंबून आहेत. त्या यंत्राचा कॅमेरा तुम्हाला ओळखतो तो मागच्या दिव्यांवरून, परावर्तक पट्टीवरून, वाहनाच्या मागच्या स्वच्छ आकारावरून. संत्र्याचे कॅरेट बाहेर आलेले, ताडपत्री दिव्यांवर लोंबणारी, पट्टी चिखलाने झाकलेली असेल तर कॅमेराही चुकतो आणि माणूसही चुकतो. पिकअप बंद पडली तर ती लेनमध्ये उभी ठेवू नका. ढकलत का होईना, डाव्या कडेला न्या, चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण मागे बराच लांब ठेवा आणि माणसांना कठड्याच्या पलीकडे उभे करा. टायर बदलायला रस्त्याच्या बाजूने वाकू नका.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. ट्रॉलीचे मागचे दोन्ही दिवे लावून पन्नास पावले मागे जाऊन बघा. दिसत नसतील तर उद्याचा माल भरण्याआधी दुरुस्त करून घ्या.